फाटलेलं औषध

१

औषध मिळालेले उंदीर मेले होते आणि औषध न मिळालेलेही मेले होते. पिंजऱ्यांच्या रांगेत हालचाल होती ती फक्त ज्यांना आजारच दिला नव्हता त्यांची.

प्राणीगृह सांभाळणारा खेमसिंग सकाळी दार उघडून आत गेला, पाहिलं, आणि बाहेर येऊन पायरीवर बसला. मग त्यानं विभागप्रमुखांना फोन लावला. डॉ. पुंडलिकराव गावंडे त्या वेळी पूजेत होते. पूजेत ते फोन घेत नसत; कोणाचा आला तेवढं फक्त पाहत असत.

दारव्ह्याबाहेर, सोयाबीनच्या शेतांमध्ये हे औषधनिर्माण महाविद्यालय उभं आहे. कमानीवर संस्थेच्या अध्यक्षांचं नाव महाविद्यालयाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. आत बहुतेक सगळं पाट्यांपुरतंच. खरं म्हणावं असं काम एकच चालू होतं आणि ते तमन्ना शेख नावाची संशोधक विद्यार्थिनी करत होती. विषाणूचा ताप बळावला की पुष्कळदा माणसाला विषाणू मारत नाही. विषाणूवर चालून गेलेलं स्वतःचं शरीरच मारतं. फुफ्फुसं सुजतात, श्वास कोंडतो. ती सूज उतरवणारा प्रथिनाचा एक लहानसा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, तमन्नानं तयार केला होता. अडचण अशी, की तो उघडा रक्तात सोडला तर शरीर घडीभरात त्याचे तुकडे करतं. म्हणून तिनं तो चरबीच्या अतिसूक्ष्म फुग्यांत भरला. फुगा त्याला फुफ्फुसापर्यंत सुखरूप नेई आणि तिथं सोडी. उंदरांना आधी विषाणूसारखाच दाह पेटवणारा पदार्थ द्यायचा, मग हे औषध. भादव्यात याच बाटल्यांतलं औषध मिळालेले उंदीर दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात धावत होते. दसरा झाल्यावर त्याच बाटल्यांतलं औषध मिळालेले उंदीर मेले.

प्रकल्पाची तपासणी करायला दोन दिवसांत दिल्लीहून तज्ज्ञांची समिती यायची होती. पुंडलिकरावांनी दुपारच्या आत निकाल लावून टाकला. तमन्नाचे भादव्यातले आकडे बनावट; औषध असं काही नव्हतंच. तिची नोंदणी रद्द करावी, शिष्यवृत्ती बंद करावी आणि समिती येण्याआधी ते जाहीर करावं. म्हणजे डाग विभागावर यायला नको.

मधे एक अडसर होता. प्रयोगातले प्राणी असे मेले तर प्राणी-नीती मंडळावरच्या, संस्थेबाहेरच्या सदस्यानं चौकशी करावी असा नियम आहे. त्या सदस्य होत्या यवतमाळच्या कोकिळाताई महाजन, निवृत्त प्राध्यापिका. इतक्या हळू बोलत, की समोरच्याला आपली बडबड थांबवावी लागे.

गुरुवारी सकाळी त्या आल्या. त्यांनी फ्रिजमधली एक बाटली काढून खिडकीच्या उजेडात धरली. औषध दुधाळ, एकसारखं असायला हवं होतं. काचेला बारीक कण चिकटले होते, जसं फाटायला लागलेलं दूध.

"औषध खोटं नव्हतं," त्या म्हणाल्या. "याला कोणीतरी मारलंय."

२

पुंडलिकरावांनी त्यांना आपल्या खोलीत बसवलं. कपाळावर गंध, गळ्यात माळ, टेबलावर देवीचा फोटो आणि फोटोच्या काचेत त्यांचं स्वतःचं प्रतिबिंब बरोब्बर मावेल असा कोन. कोणी विचारलं नसताना त्यांनी सांगितलं, की नवरात्राचे नऊही दिवस ते अनवाणी होते आणि पाण्यावर होते. अष्टमीला माहूरचा गडही अनवाणीच चढले.

"पाय भाजले असतील," कोकिळाताई म्हणाल्या.

"श्रद्धेपुढे वेदना जाणवत नाहीत, ताई." पुंडलिकराव नेहमी छापील मराठी बोलत. त्यांना वाटे, वऱ्हाडी तोंडात आली की डॉक्टरकी उतरते.

"फ्रिजची किल्ली कोणाकडं असते?"

"माझ्याकडे, तमन्नाकडे आणि रजत बोबडेकडे. तो कनिष्ठ संशोधक. खेमसिंगला किल्ली नाही. पण किल्लीचा प्रश्नच कुठे येतो? हे पाहा." त्यांनी फ्रिजमधल्या तापमापकाचा आलेख पुढं सरकवला. तो आलेख यंत्रच फ्रिजच्या आत बसून आपोआप काढतं. "संपूर्ण नवरात्र चार अंश. वीज एकदाही गेली नाही. बाटल्या मी कालच तपासूनही घेतल्या. पेप्टाइड जितकं हवं तितकं आहे, कोणी चोरलेलं नाही. मग औषध का चालत नाही? कारण ते कधी चालतच नव्हतं. मुलगी हुशार आहे, पण या लोकांचं..." ते थांबले आणि हसले. "जाऊ द्या. माझ्या तोंडून कशाला."

"बोला की. मी ऐकतेय."

त्यांनी आलेख पुन्हा आपल्याकडं ओढून घेतला. अशी माणसं वाक्य अर्धं टाकतात आणि उरलेलं अर्धं ऐकणाऱ्यानं पूर्ण करावं अशी अपेक्षा ठेवतात. कोकिळाताईंनी ते पूर्ण केलं नाही.

त्यांनी औषधाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चांगल्या औषधातले फुगे इतके बारीक की या भिंगाला दिसूच नयेत. इथं मात्र फुटून एकमेकांना चिकटलेल्या चरबीचे गोळे दिसत होते. फुगा फुटला की पेप्टाइड बाहेर सांडतं. बाटलीत मोजलं तर ते पुरतं भरतं, पण उंदराच्या अंगात टोचलं की घडीभरात संपतं. म्हणजे तपासणी खोटी नव्हती आणि उंदीरही उगाच मेले नव्हते.

पण फुगे असे फुटतात ते औषध गोठलं आणि पुन्हा वितळलं तरच. आणि आलेख सांगत होता, की फ्रिज चार अंशांवरून हललाच नाही.

३

"मी त्या दिवसांत पुसदला होते, मॅडम. मामूकडं," तमन्ना म्हणाली. ती उभीच होती. खुर्ची दाखवली तरी बसली नाही. "दसऱ्यानंतर आले. सोमवारी बाटली काढली तर मले ती वेगळी दिसली. सरांकडं घेऊन गेले. सर, हे फाटल्यासारखं दिसतंय, म्हटलं. सर म्हणाले, हलव आणि दे, समिती येऊन राह्यली."

"ते तर म्हणतात तू काही दाखवलंच नाहीस."

"मग मी खोटी. आकडे पण खोटे, मी पण खोटी." तिचा आवाज चढला आणि तिनंच तो खाली आणला. "अब्बांचं गॅरेज आहे इथं स्टँडजवळ. काल गावभर झालं, की शेखच्या पोरीनं औषधात बेइमानी केली. आज सकाळपासून कोणी गाडी घेऊन आलं नाही. माझी पीएचडी जाईल ते जाईल. अब्बांनी काय करायचं?"

"औषध गोठवू नये हे इथं कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"सगळ्यांना असायला पाहिजे. आमच्या लेखात लिहिलंय. सरांचं नाव पहिलं आहे त्याच्यावर."

"लेख कोणी लिहिला?"

"मी."

"आणि सरांनी वाचला?"

तमन्ना पहिल्यांदा हसली. "नाव वाचलं त्यांनी. स्पेलिंग तपासलं."

रजत बोबडे आला तो मोबाइल पाहत. कोकिळाताई गप्प बसून राहिल्या, तेव्हा त्यानं तो खिशात घातला.

"मी अष्टमी-नवमीले यवतमाळले होतो, मॅडम. देवी पाहाले गेलतो, दोस्तांसंग. वडगावची, आर्णी रोडची, सगळ्या देव्या पाह्यल्या. फोटो आहेत, दाखवू का?"

"नको. तमन्नाबद्दल तुझं काय मत?"

"काम करते बिचारी. आपल्याले काय, आपण कोणाच्या भानगडीत पडत नाही."

"आणि तिचं काम बंद झालं की प्रकल्प तुझ्याकडं येईल."

रजतचा चेहरा उतरला. "असं सरच म्हणाले होते. मी मागितला नव्हता."

"मागितला नाहीस, पण नकोही म्हणाला नाहीस." त्यांनी हे इतक्या शांतपणे म्हटलं, की त्याला राग काढायला जागाच उरली नाही. "फ्रिजबद्दल काही वेगळं दिसलं का परत आल्यावर?"

"फ्रिज? नाही. हां, माझी चटणी कोणीतरी फेकली."

"कसली चटणी?"

"लसणाची. आई देते, डबीत. मी तिथंच ठेवतो ना, रक्ताच्या नळ्यांमागं, डब्यासंग खातो. नवमीनंतर पाह्यलं तर डबी बेसिनपाशी उलटी पडलेली. सगळी चटणी वाळून गेलती. आता सांगा, औषधाच्या फ्रिजमंदी कोणाले चटणीचा त्रास झाला?"

कोकिळाताईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. उंदरांच्या रक्तामागं ठेवलेली चटणी रोज खाणारा हा मुलगा. त्यांना किळस आली, आणि त्याच वेळी तो निर्दोष आहे याची खात्रीही पटली.

"रक्ताच्या नळ्या अजून आहेत तिथं?"

"आहेत की. कोणी हात लावत नाही त्यांना."

४

नळ्या निरोगी उंदरांच्या रक्ताच्या, तुलनेसाठी ठेवलेल्या. फ्रिजमध्ये शांत उभ्या राहिलेल्या रक्तात लाल गाळ खाली बसतो आणि वर फिकट पिवळं पाणी राहतं. कोकिळाताईंनी एकेक नळी वर उचलली. सगळ्या वरपासून खालपर्यंत लालच. रक्तपेशी गोठून फुटल्या होत्या.

खेमसिंग दारात उभा होता. आपल्यावर येईल या भीतीनं तो सकाळपासून आपणहून काही बोलला नव्हता.

"खेमसिंगभाऊ, नवमीला इथं काय काय झालं?"

"यंत्रांची पूजा झाली जी. खंडेनवमी ना. तराजूले हार, त्या गरगर फिरणाऱ्या यंत्राले हार, सगळ्याइले झेंडू. अध्यक्षसाहेब आलते. गावंडे सरांच्या घरून देवीचा नैवेद्य आलता. मंग सगळ्याइले प्रसाद वाटला."

"काय होता प्रसाद?"

"बासुंदी. आह्हा, काय सांगू बाई! बाहेर ऊन पाहाल तं अंगातून पाणी काढून राह्यलं, अन् ही बासुंदी थंडगार. दोन वाट्या पेल्लो मी. साहेबानं तं तीन घेतल्या."

"थंडगार," कोकिळाताई म्हणाल्या.

"हाव जी. दात शिवशिवले."

"कॅन्टीन त्या दिवशी उघडं होतं?"

"कायचं उघडं! चार दिवस कुलूप होतं. वीजही बंद केलती त्याइची."

खेमसिंगला काही कळलं नाही, आणि कोकिळाताईंनी सांगितलंही नाही. त्यांनी फ्रिजचं दार पुन्हा उघडलं. मधला कप्पा एक खाच खाली बसवला होता. वर मोठा गंज, म्हणजे उभं पातेलं, मावेल एवढी जागा झाली होती. शेजारी मोठं फ्रीझर घरघरत उभं होतं, उणे वीस अंशांवर, बिनकुलपाचं.

"तमन्नाला आणि रजतला सांग, चार वाजता अध्यक्षांच्या खोलीत या. आणि खेमसिंगभाऊ, तूही ये. तुझ्यावर काही नाही."

"मंग कोणावर हाय जी?"

"जो सगळ्यात शुद्ध आहे त्याच्यावर."

५

संस्थेचे अध्यक्ष पंजाबराव इंगोले मोठ्या खुर्चीत बसले होते. भिंतीवर त्यांचे सत्काराचे फोटो होते. बहुतेकांत सत्कार करणारेही त्यांच्याच संस्थेचे. पुंडलिकराव त्यांच्या उजव्या हाताला. तमन्ना, रजत आणि खेमसिंग भिंतीशी उभे.

"लवकर आटपा, ताई," पंजाबराव म्हणाले. "उद्या दिल्लीवाले येऊन राह्यले. पोरीचं काय करायचं तेवढं सांगा, सही करतो."

"आधी एक विचारते. खंडेनवमीचा प्रसाद तुम्ही घेतला होता?"

"घेतला म्हणजे? तीन वाट्या! पुंडलिकच्या घरची बासुंदी. काहून?"

"ती रात्रभर औषधाच्या फ्रिजमध्ये ठेवली होती, एवढंच. त्या फ्रिजमध्ये उंदरांचं रक्त असतं. आणि रजतची लसणाची चटणी."

पंजाबरावांचा हात नकळत गळ्यातल्या माळेकडं गेला. मग त्यांचा चेहरा जांभळा पडला.

"पुंडलिक! नवरात्रात, देवीच्या नैवेद्यात, उंदराचं रगत? मले उंदराच्या रगताजवळची बासुंदी पाजली काय तुनं?"

"नाही, भाऊ!" पुंडलिकराव ताडकन उभे राहिले, आणि छापील मराठी तिथंच गळून पडली. "देवीची शपथ, नाही! मी काय तसा माणूस हाय काय? एकेक नळी म्या सोताच्या हातानं काढली. बाटल्या काढल्या. सगळं तिकडं फ्रीझरमंदी टाकलं. ते लसणाचं घाण तं बाहेर फेकलं! मंग फ्रिज गोमूत्रानं पुसला, आतून-बाहेरून, अन् मंगच गंज ठेवला. दुसऱ्या दिवशी प्रसाद वाटल्यावर सगळं जागच्या जागी ठेवलं. एक थेंबही..."

ते थांबले. आपण काय बोललो हे त्यांना सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. शेवटी कळलं खेमसिंगला. त्यानं कपाळावर हात मारला.

"आलेख खराच होता," कोकिळाताई म्हणाल्या. "फ्रिज चार अंशांवरच होता. तापमापक आतच राहिला, बासुंदीजवळ. औषध मात्र शेजारी गोठत पडलं होतं."

"हे तुमाले कसं समजलं?" रजतनं विचारलं.

"तमन्नाचा कोणी शत्रू असता तर त्यानं औषध गोठवलं असतं. रक्त कशाला गोठवेल? दोन्ही गोठलं, म्हणजे कोणी औषधाच्या मागं लागलं नव्हतं, फ्रिज रिकामा करून हवा होता. कप्पा खाली घेतला, म्हणजे आत उंच भांडं ठेवलं. आता, तू असतास तर गंज नळ्यांवर ठेवून गेला असतास."

रजतनं मान खाली घातली. "हो."

"तमन्ना फ्रीझरला हात लावणार नाही, फुगे तिचेच आहेत. खेमसिंगला किल्ली नाही. उरलं कोण? ज्याला नैवेद्याशेजारी रक्त चालत नाही, आणि नवरात्रात लसूण तर मुळीच चालत नाही. चटणी फ्रीझरमध्येही गेली नाही, पार बाहेर गेली. इतकं सोवळं इथं एकच माणूस पाळतो. निदान पाळतो असं सांगतो."

"मले काय माहीत गोठल्यानं बिघडते म्हणून!" पुंडलिकराव म्हणाले. "जास्त थंड म्हणजे जास्त सुरक्षित, असं वाटलं."

"तुमच्याच लेखात लिहिलं आहे."

पुंडलिकराव पुन्हा खुर्चीत बसले.

कोकिळाताईंचा आवाज चढला नाही. उलट आणखी खाली आला. "नैवेद्यासाठी फ्रिज रिकामा केलात, ते मूर्खपणाचं होतं, पण पाप नव्हतं. सोमवारी या मुलीनं फाटलेली बाटली तुमच्यासमोर धरली, तेव्हा तुम्हाला आठवलं असणार. एक शब्द बोलला असतात तर उंदीर वाचले असते आणि नवं औषध बनलं असतं. तुम्ही म्हणालात, हलव आणि दे. आणि उंदीर मेल्यावर तिला खोटी ठरवलीत. मधल्या सगळ्या दिवसांत रोज देवीपुढं बसलात. तिच्याशी काय बोलत होता, पुंडलिकराव? मला खरंच जाणून घ्यायचंय."

६

पंजाबरावांना सगळ्यात आधी संस्था आठवली. अशा वेळी त्यांना नेहमी तीच आठवते.

"झालं ते झालं. आपण असं लिहू, की लाइट गेलती. पोरगी पण वाचली, पुंडलिक पण वाचला. काय, बेटा?"

कालपर्यंत तमन्ना त्यांची बेटा नव्हती.

"लाइट गेली नव्हती, साहेब," ती म्हणाली. "आलेख आहे. उद्या समितीनं तो मागितला तर पुन्हा मीच खोटी ठरेन."

"मंग काय म्हणतेस?"

"जे झालं तेच सांगायचं. त्याच बाटल्या, त्याच जातीचे उंदीर, तेच पेप्टाइड. फुगा शाबूत होता तेव्हा जगले, फुटला तेव्हा मेले. औषध फुग्यामुळंच चालतं याचा याहून पक्का पुरावा नाही. हा प्रयोग मी मुद्दाम कधीच केला नसता, इतके जीव घालवून. पण झाला आहे, तर लपवणार नाही."

"अन् कोणी गोठवलं, असं विचारलं तं?"

"तर सांगेन."

पंजाबरावांनी कोकिळाताईंकडं पाहिलं. त्यांनी आपला अहवाल आधीच सही करून टेबलावर ठेवला होता. पुंडलिकराव त्यावर वाकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, प्रसाद शुद्ध होता, निदान एवढं तरी त्यात घाला."

कोकिळाताईंनी अहवाल त्यांच्या हाताखालून ओढून अध्यक्षांपुढं सरकवला.

शुक्रवारी समिती आली. तिघं जण, उन्हानं लाल झालेले, घाईत. तमन्नानं पडद्यावर आधी भादव्यातली फुफ्फुसं दाखवली, मग या आठवड्यातली, मग रक्ताच्या नळ्या. समितीच्या प्रमुख बाईंनी दोनदा तिला थांबवून प्रश्न विचारले आणि दोन्ही वेळा उत्तर ऐकून काहीतरी टिपून घेतलं.

"भादव्यातले आकडे ग्राह्य आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. "नवं औषध बनवा, प्रयोग पुन्हा करा. या वेळी फ्रिजची किल्ली फक्त तुमच्याकडं राहील. नोंदणी रद्द करण्याचं पत्र कोणी लिहिलं असेल तर ते आजच मागं घ्यावं, आणि तसं गावातही कळवावं."

तमन्ना खाली बसली. तिनं मोबाइल काढला आणि टेबलाखालीच अब्बांना फोन लावला. बोलली काही नाही. पलीकडं पुढचं सगळं ऐकू यावं म्हणून फक्त तो चालू ठेवून टेबलावर उलटा ठेवला.

"आता एकच राहिलं," प्रमुख बाई इंग्रजीत म्हणाल्या. "सुस्थितीत असलेल्या फ्रिजमधलं औषध कोणीतरी फ्रीझरमध्ये हलवलं. का?"

सगळ्यांच्या नजरा विभागप्रमुखांकडं वळल्या. पुंडलिकराव उठले. गंध लावलेल्या कपाळावर घाम फुटला होता. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

बासुंदीला इंग्रजीत काय म्हणतात, ते त्यांना काही केल्या आठवेना.